मुरमाची वाट : दिवे घाट ते भिगवण, सायकलवर

कोजागरीच्या आगेमागे पुण्याच्या पूर्वेचा माळ ऐन रंगात असतो. परतीचा पाऊस नुकताच थांबलेला असतो. बाजरीची काढणी चालू असते, ज्वारी वीतभर वर आलेली असते आणि गवत हिरवं सोडून सोनेरी व्हायला लागलेलं असतं. पाणंदीतला चिखल वाळून घट्ट बसतो, पण धूळ अजून उठत नाही. मुरमाड वाटांवर सायकल चालवायला याहून चांगले दिवस वर्षात मिळत नाहीत. पुढे दिवाळीनंतर ट्रॅक्टर धावू लागले की त्याच वाटेवर चाक घोट्याएवढ्या फुफाट्यात रुततं.

यंदा मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, असे दोघंच निघालो. दिवे घाट, सोनोरी, जेजुरी, पांडेश्वर, मोरगाव, सुपे, शिर्सुफळ आणि शेवटी उजनीच्या काठी भिगवण. डांबर जिथे टाळता येईल तिथे टाळायचं आणि पाणंद, शिवरस्ता, कालव्याकडेचा मुरूम, गुरांची वाट, जे मिळेल त्यावरून जायचं, एवढंच ठरवलं होतं. दादा कित्येक वर्षं या माळावर पक्षी बघत हिंडतो आहे, त्यामुळे निम्म्या वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या.

निघताना पुष्कळांनी विचारलं, "तिकडे बघण्यासारखं आहे काय? नुसता उजाड माळ!" मला याचं मनापासून वाईट वाटतं. झाडं नाहीत म्हणजे काहीच नाही, असं आपण धरून चालतो. सरकारी नकाशांतही अशा कितीतरी माळांवर वर्षानुवर्षं पडीक जमीन म्हणून शिक्का बसला. हायवेवरून ऐंशीच्या वेगाने जाताना तसं वाटणं साहजिक आहे. मुरमावर ताशी बारा-तेरा किलोमीटरने गेलं की मात्र हाच माळ भरगच्च दिसायला लागतो.

सायकलबद्दल थोडं आधीच सांगते. ग्रॅव्हल बाइक (खडी-मुरमासाठीची सायकल) असेल तर उत्तम, पण साधी हायब्रिड किंवा माउंटन बाइकही चालते. टायर चाळीस मिलीमीटरच्या खाली नको. हवा कमी ठेवायची. आम्ही पस्तीस पीएसआयच्या आसपास ठेवली होती. या भागात बाभूळ, बोराटी आणि सराटे एवढे आहेत की ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रावण) नसेल तर दिवसभर पंक्चरच काढत बसावं लागेल.

पहिला दिवस : दिवे घाट, सोनोरी, जेजुरी

हडपसरहून पहाटे निघून उजाडायच्या आत दिवे घाट चढलो. हा टप्पा डांबरी आणि वर्दळीचा आहे, तो लवकर उरकलेला बरा. घाटमाथ्यावर झेंडेवाडीपाशी डावीकडे वळलो आणि चाकाखाली पहिल्यांदा मुरूम करकरला.

समोर मल्हारगड. महाराष्ट्रात सगळ्यांत शेवटी बांधलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास तो बांधला. दिवे घाटावर नजर ठेवण्यासाठी ही जागा किती नेमकी निवडली, ते सायकलने आलं की कळतं, कारण घाट चढताना तो डोंगर सारखा आपल्याकडे बघत असतो. गड लहानसा, त्रिकोणी. बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेव यांची देवळं शेजारी शेजारी. सायकली पायथ्याला लावून वर गेलो. तटाच्या फटींतून तेरड्याची शेवटची फुलं डोकावत होती आणि खाली कऱ्हेच्या खोऱ्यात धुकं विरळ होत होतं.

सोनोरीकडची उतरण सुटी खडी, मध्येच पावसाने पाडलेले ओघळ, अशी आहे. इथे उतरताना ब्रेक दाबून धरायचे नाहीत, वजन मागे न्यायचं आणि चाकाला त्याची वाट शोधू द्यायची. खाली गावात पानशांचा जुना वाडा आहे, तो बघून सीताफळांच्या बागांमध्ये शिरलो.

हा सीताफळांचा हंगाम. सोनोरी, दिवे, वनपुरी या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा आहेत. एका बांधावर आजी आणि त्यांची सून क्रेट भरत बसल्या होत्या. आम्ही थांबलो तसं आजींनी हाताने बसायची खूण केली.

"कुठनं आलाव?"

"पुण्याहून, आजी."

"सायकलीवर? आन् उनाचं?" त्यांनी ढिगातून दोन फळं काढली, अंगठ्याने हलकेच दाबून बघितली, एक परत ठेवून दुसरं उचललं. "ह्ये घ्या. ज्याचं डोळं उघडल्यात, त्ये आज खायाचं. बाकीचं मार्केटला."

फळाच्या खवल्यांमधल्या रेघा पांढरट-पिवळ्या होऊन रुंदावल्या की डोळे उघडले म्हणायचं. तसं फळ पुण्या-मुंबईला पोचेपर्यंत टिकत नाही, म्हणून ते बांधावरच खाल्लं जातं. शहरात मिळणारं सीताफळ आणि हे, यांत काही तुलनाच नाही. गर दाट, रवाळ, बोटांना चिकटणारा. आजींनी पैसे घेतले नाहीत. सुनेने मात्र वाटेसाठी अर्धा डझन बांधून दिली आणि त्याचे रीतसर पैसे घेतले, तेव्हा कुठे आम्हाला बरं वाटलं.

याच बागांमधून वनपुरी, उदाचीवाडी करत पुढे गेलं की भिंतींवर, पाटीवर, देवळाच्या पारावर विमानतळाचा विषय दिसतो. पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळासाठी वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव अशा सात गावांच्या जमिनी ठरल्या आहेत. यातली खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणहून जिथे येऊन राहिलं, ते गाव. उदाचीवाडीच्या पुढे एका विहिरीवर पाणी भरायला थांबलो तेव्हा मोटर बंद करायला आलेले काका अंजिराच्या झाडांकडे हात करून म्हणाले, "ही झाडं माझ्या वडलांनी लावल्यात. पैसा मिळंल हो. पर दुसरीकडं ही माती कुठनं आणू?" पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते ज्या मातीमुळे आणि हवेमुळे मिळालं, त्याच मातीवर आमची सायकल टेकवलेली होती. या वाटा पुढच्या शरदात असतील की नाही, हा विचार दिवसभर पाठ सोडत नव्हता.

दुपारी ऊन चांगलंच तापलं. अकरा ते तीन या वेळात या माळावर सावली अशी नाहीच. ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळी लवकर निघून या वेळात गावात, देवळात आडवं व्हावं. आम्ही पारगावच्या पुढे एका वडाखाली पिठलं-भाकरी खाऊन दीड तास झोपलो.

राजेवाडीनंतर रेल्वेरुळांच्या आजूबाजूने मुरमाची वाट धरली आणि कलत्या उन्हात जेजुरीचा गड दिसला. दसरा होऊन पाचच दिवस झाले होते. इथला मर्दानी दसरा मोठा असतो. रात्री पालखी निघते, रमणा या ठिकाणी कडेपठारच्या पालखीशी भेट होते आणि मग जड खंडा, म्हणजे तलवार, उचलायच्या कसरती होतात. पायऱ्यांच्या फटींत अजून भंडारा दाटून बसलेला होता आणि आमच्या सायकलींच्या टायरवरसुद्धा पिवळे पट्टे उमटले.

रात्री ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरच्यांनी गच्चीवर दूध आटवायला ठेवलं होतं. कोजागरी आहे हे आम्हाला माहीत होतं, पण बोलावणं येईल असं वाटलं नव्हतं. गल्लीतली दहा-बारा माणसं, पातेल्यात चंद्र बघायची पोरांची धक्काबुक्की, चारोळी आणि वेलदोड्याचं घट्ट दूध. घरातल्या मावशी दोनदा म्हणाल्या, "अजून घे गं, दिवसभर पायडल मारलंस." मी घेतलं.

दुसरा दिवस : कऱ्हेच्या काठाने सुप्याला

साडेपाचला निघालो. नाझरे धरणाच्या काठाने जाणारी वाट भिजलेली होती आणि काठाच्या चिखलात बगळे, शराटी, टिटव्या सकाळच्या कामाला लागले होते. धरणाला मल्हारसागर असंही म्हणतात. इथून पुढे कऱ्हा नदी कधी उजवीकडे, कधी डावीकडे ठेवत मोरगावपर्यंत जाता येतं. सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती, सगळी कऱ्हेच्याच काठची, म्हणून नदी सोडली नाही तर चुकायची भीती नाही.

पाणंद म्हणजे नेमकी कशी असते ते इथे नीट बघायला मिळतं. दोन शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीच्या रुंदीची वाट. मध्ये गवताची पट्टी, दोन्हीकडे चाकोऱ्या, कडेला घाणेरी, तरवड आणि बोरी. तरवड पिवळ्याधमक फुलांनी लगडला होता. काही पाणंदी अतिक्रमणात अशा अरुंद झाल्यात की हँडल जेमतेम जातं. काहींवर अलीकडे मुरूम टाकून रोलर फिरवला आहे. त्या सायकलला फार चांगल्या. शेतकऱ्याचा माल पावसाळ्यात बाहेर निघतो आणि आपल्यालाही वाट मिळते, म्हणून पाणंद मुरमाची झाली की मला आनंद होतो. तीच काँक्रीटची झाली की मात्र कडेच्या बोरी-तरवड आधी जातात.

पांडेश्वरचं जुनं महादेवाचं देऊळ कऱ्हेच्या काठावर आहे. दगडी बांधणीवर विटांचं काम, आणि विटा अशा बसवलेल्या की सकाळच्या तिरप्या उन्हात एकेकीची कडा दिसते. पुजारी काका नुकतेच झाडलोट करून बसले होते. पांडवांची कथा त्यांनी सगळी सांगितली, आम्ही सगळी ऐकली. देवळात तासभर गेला. अष्टविनायकाला मोरगावी जाणाऱ्या गाड्या या देवळाजवळून शेकड्याने जातात. त्यातल्या थोड्यांनी जरी इकडे चाक वळवलं तरी पाहण्याचं सार्थक होईल.

तिथून चार-पाच किलोमीटरवर दादाच्या मागच्या टायरला एका उभ्या दगडाने बाजूने चीर पाडली. सीलंट फसफसत बाहेर आलं, पण बोटभर चिरेपुढे त्याचा काय पाड लागणार! ढकलत पुढच्या वस्तीवर गेलो. तिथे ट्रॅक्टरचे पंक्चर काढणारं एक पत्र्याचं दुकान होतं. दुकानातल्या मामांनी असला टायर पूर्वी पाहिलेला नव्हता. त्यांनी आधी तो हातात घेऊन सगळीकडून चाचपला, सीलंटचा वास घेतला, मग म्हणाले, "पंक्चर न्हाय ह्यो. जखम हाय."

जुन्या स्कूटरच्या टायरचा एक तुकडा त्यांनी शोधून काढला. कानशीने त्याच्या कडा घासून कागदासारख्या पातळ केल्या. चिरेची आतली बाजू पेट्रोलने पुसली, सोल्यूशन लावलं, वाळू दिलं, परत लावलं, तुकडा बसवला आणि वरून लाकडी ठोकळ्याने एका लयीत ठोकत राहिले. घाई अजिबात नाही. मधे दोन ट्रॅक्टरवाले येऊन थांबले, त्यांना म्हणाले, "पाव्हण्यांचं होऊ द्या." आत ट्यूब टाकून हवा भरली. कानाजवळ धरून ऐकलं, मग पाण्यात बुडवलं. पन्नास रुपये मागितले. दादाने दोनशे पुढे केले तर शंभर परत दिले. ते काम भिगवणपर्यंत जसंच्या तसं टिकलं. अशा वाटांवर जाताना एक सुटी ट्यूब आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा सोबत ठेवा. वजन काहीच नाही.

मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन घेतलं. गणपतीच्या देवळासमोर भलामोठा नंदी हे इथलं वेगळेपण. दर्शन झालं, जेवण झालं, पुन्हा तीनपर्यंत सावली धरली.

सुप्याला शिरताना अंगावर काटा आला. १२ मे १८७५ ला याच गावात बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि कर्जाच्या वह्या, कर्जरोखे बाहेर काढून जाळले. दख्खनचा उठाव इथून पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, आणि १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जांसाठी कायदा करावा लागला. गावात त्या जागेचा बडेजाव काही नाही. बाजारपेठेत कांद्याची पोती, हॉटेलात भज्यांचा घाणा. चहा पिताना शेजारच्या बाकावरच्या एका तरुणाला विचारलं, तर त्याला सगळं पाठ होतं. त्याच्या पणजोबांच्या वडिलांची जमीन तेव्हा गहाण होती, असं त्याच्या घरात सांगतात. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडं पाऊस न्हवता आन् वसुली व्हती. तवा काय करतील मानसं?"

संध्याकाळी मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ साली घोषित झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. सायकली फाटकाशी ठेवल्या आणि नोंद करून आत चालत गेलो. आत मुरमाची वाट आहे, दोन्ही बाजूंना गवत, मध्ये हिवर, खैर आणि बाभळी. अर्धा तास काहीच दिसलं नाही. मग दादाने कोपराने ढोसलं. पन्नास पावलांवर चिंकारा. नर होता. शिंगांवरची वलयं मोजता येतील एवढी स्पष्ट, डोळ्यापासून नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा, काळी शेपटी सारखी हलत असलेली. त्याने आमच्याकडे बघून नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला. तो इशारा होता, कारण गवतातून आणखी चार माना वर आल्या. मग पाचही जण उड्या न मारता, घाबरून न पळता, नुसते चालत निघून गेले.

एवढ्या चिमुकल्या जागेत हे जनावर टिकलं, ते आजूबाजूच्या माळामुळे. कुंपणाच्या आतलं गवत त्यांना पुरत नाही, ती बाहेर शेतांत, गायरानांत फिरतात. म्हणून बाहेरचा माळ प्लॉट पाडून विकला गेला की आतल्या चिंकाऱ्याचं पोट कमी होतं. झाडं लावायच्या हौशीनेही नुकसान झालं आहे. कितीतरी ठिकाणी गवत खणून समतल चर काढलेत आणि त्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) ही झाडं लावलीत. गिरिपुष्पाचं पान इथलं जनावर खात नाही. ज्यांना या भागात वृक्षारोपणाला यायचं असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी एक पूर्ण दिवस या गवतात काढा.

आणि सायकलवाल्यांसाठी, हे चर अंधारात दिसत नाहीत. गुडघाभर खोल असतात आणि वाट कापून जातात. माळावर सूर्य मावळल्यावर सायकल चालवू नका.

तिसरा दिवस : धनगरांचा वाडा आणि शिर्सुफळ

सुप्याच्या पूर्वेला उजाडताना एका कापलेल्या बाजरीच्या शेतात मेंढरं दिसली. कुत्री आधी धावून आली. अशा वेळी सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरायची आणि शांत उभं राहायचं. पळालं की ती मागे लागणारच, त्यांचं ते कामच आहे. धनगरांच्या वाड्यातून, म्हणजे तळावरून, हाक आली आणि कुत्री बसली.

तीन बिऱ्हाडं होती. जाळीची वाघर लावलेली, आत कोकरं. एका खुंट्याला दोन तट्टं. चुलीवर चहाचं पातेलं. कुटुंबातल्या थोरल्या बाईंनी आम्हाला घोंगडं अंथरून दिलं. त्या माझ्याशी आणि त्यांचा मुलगा दादाशी, असं दोन बाजूंनी बोलणं सुरू झालं.

"दिवाळी झाली की खाली कोकनात. वरंध्यानं उतरतो. मिरगाच्या टायमाला माघारी."

"सगळं चालत?"

"मंग? मेंढराला यश्टीत बसवू का?" आणि त्या खळखळून हसल्या.

ज्याच्या शेतात मेंढरं बसवली तो शेतकरी रात्रीमागे धान्य आणि थोडे पैसे देतो, कारण लेंडीखताने पुढचं पीक उठून दिसतं. मेंढरं दख्खनी जातीची, काळी, आखूड राठ लोकरीची. घोंगडी याच लोकरीची होते. हल्ली लोकर घ्यायला कोणी येत नाही, कातरणीचेही पैसे सुटत नाहीत, असं मुलगा सांगत होता. त्याची मुलं बारामतीला शाळेत आहेत, मामाकडे राहून शिकतात.

मी लांडग्याचा विषय काढला. या माळावर लांडगे आहेत आणि कधीमधी कोकरू नेतात. बाईंचं उत्तर मला अनपेक्षित होतं. "त्यो न्हेतोच. त्याचा वाटा हाय त्यात. आमच्या आज्याच्या टायमापासनं न्हेतोय." मुलगा तेवढा उदार नव्हता. दोन महिन्यांपूर्वी दोन कोकरं गेली होती आणि भरपाईच्या कागदांसाठी त्याचे चार दिवस मोडले होते. दोघांचंही खरं आहे. लांडगा टिकावा असं आपल्यासारख्यांना वाटतं, पण त्याची किंमत या घोंगड्यावर बसलेली माणसं मोजतात. भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे.

निघताना मुलाने माझ्या मोज्यांकडे बोट केलं. दोन्ही मोज्यांत कुसळं भरली होती. दादाने त्यातलं एक हलक्या हाताने काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. टोकाला सुईसारखा अणकुचीदार दाणा, त्याच्यावर उलट्या दिशेने लव, म्हणजे आत शिरायला सोपं आणि बाहेर यायला अवघड. मागे बोटाएवढा लांब तपकिरी केस, दोरीसारखा पीळ भरलेला. दादाने बाटलीतून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग केस हलला, वळला आणि पीळ उलगडत तो सगळा तळव्यावर हळूहळू फिरायला लागला. दवाने भिजायचं, फिरायचं, उन्हाने वाळून परत पिळायचं, असं करत करत दाणा स्वतःच जमिनीत घुसतो. पुढच्या पावसात तिथेच रुजतो. पेरायला कोणी लागत नाही.

"त्येच मेंढराच्या कातड्यात घुसतं, तोंडात घुसतं," मुलगा म्हणाला. "कुसळ पिकलं की ह्यो माळ सोडायचा. पिकायच्या आधी चारायचा."

म्हणजे माळ कधी चारायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे गवताने ठरवलेलं आणि या लोकांनी पाळलेलं. गवताचं बी पडतं तेव्हा मेंढरं दुसरीकडे असतात. ज्या जागेला आपण बिनकामाची म्हणतो तिथे एवढं बारीक वेळापत्रक चालू आहे, हे मला त्या घोंगड्यावर बसून कळलं. (कुसळांसाठी उपाय म्हणजे घोट्यापर्यंतचे गेटर, किंवा जुन्या पँटचे पाय कापून मोज्यांवर चढवा.)

पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर या फेरीतले सर्वांत सुंदर. उंडवडीपाशी पालखी मार्ग ओलांडला. तुकोबांची पालखी आषाढात बारामतीला जाताना उंडवडी गवळ्याची इथे मुक्काम करते. रस्ता पार केला की लगेच माळ सुरू. लाटांसारखे चढउतार, मऊ लाल मुरूम, आणि सायकल आपोआप वेग घेते. वाटेच्या कडेने माळटिटव्या पळत होत्या. दादा थांबला आणि सायकल आडवी टाकून खाली बसला. मला बराच वेळ काही दिसेना. मग मातीच्याच रंगाचे तीन पक्षी चार पावलं धावले, थांबले, परत धावले. धाविक. ते थांबले की माळात विरघळून जातात.

थोड्या वेळाने गवतावरून अगदी खाली तरंगत एक भोवत्या आला. हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून ऑक्टोबरात इकडे येतात आणि उन्हाळा लागायच्या आत परत जातात. रात्री ते झाडावर बसत नाहीत, गवतातच जमिनीवर झोपतात. हजारो किलोमीटर उडून आल्यावर त्यांना फक्त उंच गवत हवं असतं. आम्ही तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभे राहिलो. यंदाचा पहिला, म्हणून दादाच्या डोळ्यांत पाणी होतं.

शिर्सुफळचा तलाव ब्रिटिश काळातला. बांधावरून सायकल नेता येते. गावात शिरसाई देवीचं देऊळ आहे आणि देवळाजवळच्या हॉटेलात मिसळ चांगली मिळते. या भागात वनखात्याने गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे, शिर्सुफळला आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला. ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि सोबत गावातलेच मार्गदर्शक असतात. लांडगा किंवा खोकड बघायचा असेल तर सायकलवरून शोधत फिरू नका. याच मार्गाने जा. जनावरांना त्रास होत नाही आणि गावातल्या पोरांना रोजगार मिळतो.

पाण्याचं सांगायचं राहिलं. सुपे ते शिर्सुफळ या टप्प्यात वाड्या लांब लांब आहेत. माणशी तीन लिटर पाणी हवंच.

पारवडीनंतर उसाचा मुलूख लागला. माळ संपला हे हवेतूनच कळतं, ओलसर गारवा येतो. ऊसतोडीच्या पहिल्या बैलगाड्या येऊन पोचल्या होत्या, वर संसार, खाली कंदील, मागे कुत्रं. दिवस मावळायला भिगवण. रात्री चिलापी माशाचं कालवण, तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी आणि कांदा. उजनीच्या काठी आलं की हेच खायचं. रस्सा झणझणीत असतो, कमी तिखट हवं असेल तर आधी सांगा.

चौथा दिवस : कुंभारगावचं पाणी आणि परत

कुंभारगावला पहाटे होडी केली. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अजून आलेले नव्हते. पाणी भरपूर असलं की त्यांना उथळ चिखल मिळत नाही, ते पाणी उतरायला लागल्यावर येतात, थंडीत आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत. पण चित्रबलाक, नदीसुरय, पाणकावळे होते, आणि एका बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यावर ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा फाडत बसला होता.

होडीवाले काका मासेमारीच करतात, हंगामात पर्यटक फिरवतात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्यांच्या वडिलांचं घर आता पाण्याखाली आहे. होडी बंद करून त्यांनी वल्ह्याने खाली दाखवलं. "हितनं गाडीवाट व्हती पळसदेवला. आमचं बाबा ह्याच वाटनं बैलगाडी हाकायचं." पळसदेवचं जुनं देऊळही असंच पाण्यात गेलं, पाणी फार उतरलं की वर येतं. मी विचारलं, वाटसुद्धा वर येते का? "चांगला दुष्काळ पडला तर येती," काका म्हणाले. "पर तसली वाट नगं आमाला."

दुपारच्या गाडीने पुण्याला परतलो. सायकली ब्रेकव्हॅनमध्ये टाकल्या. त्यासाठी स्टेशनवर तासभर आधी पोचावं, पेडल आणि पुढचं चाक काढून बांधून ठेवावं म्हणजे काम सोपं होतं. दादाने गाडीतच नकाशा काढून भिगवणहून कडबनवाडीकडे जाणाऱ्या पाणंदींवर पेन्सिलीने खुणा केल्या. माघात, गवत पुरतं वाळल्यावर आणि भोवत्ये परतायच्या आत, तिकडून इंदापूरपर्यंत जायचं ठरलं आहे. कोणाला सोबत यायचं असेल तर टायर चाळीसचे घालून या.